फाटकात अडकलेला बैल

रूपरावभाऊजी आमच्याकडे आले की खुर्चीच्या अगदी कडेला बसत. सगळी खुर्ची रिकामी आणि माणूस चार बोटांवर. मी चहा पुढे केला तर कप हातात घेत आणि तसाच धरून ठेवत. "घ्या ना भाऊजी," म्हटलं की मग पीत. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की कोणी "घ्या" म्हटल्याशिवाय ते पाणीसुद्धा पीत नाहीत.

ते माझ्या यजमानांचे मावसभाऊ. हिंगणघाटच्या पलीकडे, वेणा नदीच्या काठी खैरझरी म्हणून गाव आहे, तिथले मालगुजार महादेवराव यांचा एकुलता मुलगा. सरकारनं मालगुजारी काढली त्याला तेव्हा पाचएक वर्षं झाली होती, पण ही बातमी खैरझरीत पोचली नव्हती म्हणा ना. मालकांच्या घरावरून जाताना माणसं पायातल्या वहाणा काढून हातात घेत. ऊन असो की पाऊस, छत्री मिटत. कोणाच्या पोरीचं लग्न कोणत्या तिथीला, कोणत्या वावरात कापसाची पऱ्हाटी आणि कोणत्यात ज्वारी, कोणी कोणाशी बोलायचं नाही, हे सगळं मालकांच्या ओसरीवर ठरे. बायको त्यांना मालक म्हणे. मुलगाही मालकच म्हणे.

"बाबा नाही म्हणालात कधी?" मी एकदा विचारलं.

"आठवत नाई, वयनी," ते म्हणाले. "म्हनलं बी असन लहानपनी."

त्यांच्या तोंडून बालपणाच्या गोष्टी निघत, पण सांगायची तऱ्हा अशी, की जशी काही शेजारच्या गावातल्या कोणाची हकीकत चालली आहे. दुधावरची साय पहिल्यांदा त्यांच्या वाटीत पडे. वर्ध्याहून त्यांच्यासाठी बूट आले होते, गावातले पहिले. शाळेत मास्तर स्वतः त्यांच्या पाटीवर गणित सोडवून देत आणि स्वतःच "शाबास" म्हणत. हुतुतू खेळायला पोरं त्यांना बोलावत, नव्हे, बोलवावंच लागे. ते रेघ ओलांडून गेले की समोरचे सगळे उभ्या जागी थांबत. हे एकेकाला हात लावत परत येत, सगळे गडी बाद. "मले कधी कोनी धरलंच नाई," ते म्हणाले. "मी जोरात पळतो का हळू, हेच मले ठाऊक नाई." मी हसले. ते हसले नाहीत. वाईटही वाटलेलं दिसलं नाही.

मॅट्रिक झाले. नागपूरला कॉलेजात जायचं म्हणत होते, मालक नाही म्हणाले, विषय संपला. लग्न झालं. अनुसयाबाई बोलक्या, कामसू. सासऱ्यांसमोर मात्र त्यांचाही आवाज चुलीत जाई. एक मुलगी झाली, चंद्रभागा. तिच्या पाठीवर काही झालं नाही.

त्या मुलीवरूनच सगळं सुरू झालं. ती सहासात वर्षांची असेल. एका संध्याकाळी रडत घरी आली. लपंडाव चालला होता, ही ज्वारीच्या कणग्यामागे लपली आणि बसून राहिली. बाकीचे सगळे सापडले, खेळ मोडला, पोरं घरी गेली, तरी ही तिथेच. मालकांच्या नातीला शोधून काढून तिच्यावर राज्य आणायची कोणाची छाती नव्हती. "मले कोनी शोधतच नाई," म्हणत ती आईच्या कुशीत हुंदके देत होती.

भाऊजी तेवढ्यासाठी वर्ध्याला आमच्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसून यजमानांना म्हणाले, "हिंगणघाटले गिरणीत एखादी जागा पाहून दे ना. कोनतीबी." यजमानांची ओळख होती. हजेरी कारकुनाची जागा मिळण्यासारखी होती. दोन खोल्याही बघून ठेवल्या. राहिलं एकच. मालकांना विचारायचं.

ते विचारणं दिवाळीपर्यंत लांबलं. छप्पन्न सालची ती दिवाळी. आम्ही भाऊबीज करून खैरझरीला गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली होती. खैरझरीच्या पलीकडच्या वस्तीतली सगळी घरं जाऊन आली होती. आल्यावर त्यांनी घरं सारवली, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि गावात एक निरोप धाडला, की मेलेलं ढोर आम्ही यापुढे ओढणार नाही. मालकांनी तो निरोप ऐकून घेतला आणि पान लावायला घेतलं. इतकंच.

मग लाख्या मेला. मालकांच्या गोठ्यातला तांबडा, उंच बैल, शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा. सकाळी पाहतात तो पाय ताठ करून पडलेला. आणि नेमकी तीच सकाळ भाऊजींनी विचारायला निवडली होती. बिचाऱ्यांनी मनात शब्द जुळवून ठेवले असणार, ते बदलता आले नाहीत.

"मी हिंगणघाटले जातो म्हन्तो," ते ओसरीच्या पायरीखाली उभं राहून म्हणाले. "गिरणीत."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर रागाचं नाव नाही. उलट गंमत वाटल्यासारखं.

"गिरणीत काय करशीन रे रूप्या?"

"हजरी मांडाची."

"लोकाइची हजरी! अन् लोकं तुह्यं आयकतीन?" ओसरीवर बसलेले दोघेचौघे हसले, कारण हसायची जागा होती. "जा. मी काऊन आडवू? पन आधी हा बैल फाटकाच्या भायेर काढून दाखव. पलीकडच्याइच्याच हातानं. त्याइले सांगजो, नाई आले त यंदा माह्या वावरात त्याइची एक बाई बी कापूस वेचाले पाय ठेवनार नाई. येवढं जमलं, त जा हिंगणघाटले. नाई जमलं, त बस गुमान."

भाऊजी वस्तीवर गेले. श्रावण तिथला पुढारी, चौथीपर्यंत त्यांच्याच शाळेत होता, वर्गाच्या बाहेर बसून शिकलेला. तिथे काय झालं ते भाऊजींनीच मला परत आल्यावर सांगितलं.

श्रावण आजवर त्यांना छोटे मालक म्हणत असे. त्या दिवशी म्हणाला, "या रूपरावजी. बसा. बाज आमचीच हाय, पन धुतली हाय."

हे बसले.

"लाख्या मेला," हे म्हणाले.

"आयकलं. चांगला बैल होता."

"बलावलं हाय."

"कोनं? मालकानं का तुमी?"

भाऊजी म्हणाले, "मालकानं."

"मंग मालकाले सांगा, श्रावण घरी नाई."

आतून त्याची म्हातारी, जिजाबाई, ओरडली, "अन् श्रावणची माय बी घरी नाई म्हना!"

"वेचाले घेनार नाई म्हन्ते," भाऊजींनी सांगून टाकलं.

"नोका घेऊ म्हना!" म्हातारी दारात आली. "कापूस काय आपल्या पायानं चालत मालकाच्या घरी जाते काय? चार दिवस पाह्यतीन, मंग येतीनच बलावाले."

श्रावण मात्र गंभीर होता. "पोटाचा सवाल हाय, रूपरावजी, मले समजते. मायचं काय, ते बोलते. पन शपथ घेतली हाय आमी. मेल्या ढोराले हात नाई."

भाऊजी उठले. चार पावलं जाऊन परत फिरले. "कसं ओढते, येवढं त सांग."

श्रावणनं त्यांच्याकडे पाहिलं. "सांगनं बी ओढल्यावानीच झालं," तो म्हणाला. "तुमी पाह्यलं नाई काय कधी?"

पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे रीतच तशी. मेलेलं ढोर निघालं की बायका आत जात, दारं लोटत, पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे राहत. हाक आली, "गेलं," की मग वळायचं. तिशी ओलांडलेला, शंभर ढोरांच्या घरातला हा माणूस, पण गोठ्यातून बैल बाहेर कसा जातो ते त्यानं कधी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच दोर घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. अनुसयाबाईंनी डोक्यावरचा पदर दातात धरला. "अवो, हे काय करून राह्यले?" भाऊजींनी दोर लाख्याच्या शिंगांना बांधला आणि बैलांची एक जोडी आणून जुंपली. बैल वासानं बिथरले, उलटे फिरले. यांनी धोतराचा सोगा फाडून त्यांचे डोळे बांधले. जोडी निघाली. लाख्याची मान ताणली गेली, तो अंगणातून सरकत गेला, आणि फाटकाशी आल्यावर त्याचे ताठलेले पुढचे पाय दोन्ही खांबांना आडवे लागले. जोडीनं ओढ घेतली, दोर तुटला. बैल फाटकात पक्का अडकला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

अंगणात मालकांचं खाचर, बसायची बैलगाडी, जुंपून तयार होतं, कापसाच्या बाजाराला निघायचं होतं. दुसरी वाट नव्हती. भाऊजी वाकून पाय दाबत होते, ढकलत होते, पुन्हा सरळ उभे राहत होते. घामानं आणि शेणानं भरलेले. बाहेर गाव जमलं. अर्ध्या गावानं सवयीनं तोंड फिरवलं होतं, अर्ध्याला फिरवावं की नाही ते कळेना. हसलं कोणी नाही. मालकांच्या पोरावर कसं हसणार?

तेवढ्यात मागून एक म्हातारा आवाज आला. "माय वो! मालकाचा बैल मालकाच्या फाटकात, अन् मालक अंदर कोंडले!" जिजाबाई कंबरेवर हात ठेवून पोटभर हसत होती. श्रावण तिला ओढून नेत होता, तरी तिचं चालूच.

भाऊजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता चिडतील. पण ते नुसते पाहत राहिले, जसं एखादं गाणं कुठून येतंय ते माणूस पाहतो.

मग मालक आले. खडावांचा आवाज आला तसं सगळं गप्प झालं. फाटकाशी थांबून त्यांनी बैल पाहिला, मुलगा पाहिला, बाहेरची माणसं पाहिली. आणि मालक मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काय पाह्यता? म्याच सांगतलं रूप्याले. आजपासून ज्याचं ढोर त्यानं ओढाचं. माह्या घरापासून सुरू केलं. आयकलं काय?"

"हो मालक."

"मंग धरा ना रे! उभे काय राह्यले?"

कालपर्यंत मेल्या ढोराकडे न पाहणारे पाचसहा कुणबी पुढे धावले. कोणी पाय वळवले, कोणी शेपटी धरली, आणि लाख्या बघता बघता बाहेर निघाला. "मालक मोठ्या मनाचे," कोणीतरी म्हणालंसुद्धा. खाचर बाजाराला गेलं. भाऊजींना कोणी काही म्हणालं नाही. ते कुठे होते हेही कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

ते विहिरीवर होते. अनुसयाबाई विटाळ नको म्हणून लांबून त्यांच्या अंगावर पाणी ओतत होत्या. अंग पुसून ते ओसरीत आले. मला राहवेना. "भाऊजी, हे तुम्ही केलंत," मी म्हटलं.

"मालकानं सांगतलं म्हन्ते ना, वयनी."

"पण त्यांनी नव्हतं सांगितलं! मी इथे होते."

त्यांनी जरा विचार केला. "मले बी आता तसंच वाटून राह्यलं. सांगतलं असन."

वेचणीच्या त्या धमकीचं पुन्हा कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया ओट्या बांधून वावरात उतरल्या, मालक त्यांना न अडवता शेजारून निघून गेले. कापूस फुटला होता, बोंडं खाली गळायला लागली होती. जिजाबाई सगळ्यांच्या पुढे होती म्हणतात.

संध्याकाळी मालकांनी भाऊजींना हाक मारली. निघायचा दिवस, बरोबर न्यायची भांडी, गादी कोणती आणि कोणती नाही, सगळं त्यांनी सांगितलं; पलीकडच्यांच्या हातानं बैल काढायच्या अटीचं नावही काढलं नाही. भाऊजी परत आले तेव्हा अनुसयाबाईंचा चेहरा फुलला होता. मीही म्हटलं, "चला, मिळवलंत एकदाचं!"

"जा म्हनलं त्याइनं," ते म्हणाले. "आता जाच लागते."

हिंगणघाटला त्यांच्या बिऱ्हाडी मी पुढच्या उन्हाळ्यात गेले. एका ओळीत सहा बिऱ्हाडं, यांची चौथी. अनुसयाबाई आता मोठ्यानं बोलत, शेजारणीशी नळावर भांडतसुद्धा. भाऊजी वेळेवर गिरणीत जात, वेळेवर येत. एकदा हजेरी चुकली म्हणून साहेबानं चारचौघांत झापलं, ते त्यांनी मला आज काय जेवलो हे सांगावं तसं सांगितलं. दर रविवारी मात्र चंद्रभागेला घेऊन ते खैरझरीला जात. मालकांचा तसा हुकूम होता.

मी होते तो रविवारच होता. भाऊजींनी पिशवी घेतली, पायात वहाणा घातल्या. चंद्रभागा समोरच्या पोरींशी कशावरून तरी तावातावानं भांडत होती, एकीची वेणी हिच्या हातात, हिचा परकर दुसरीच्या.

"चंद्रे, चाल. मालकानं बलावलं."

"मी नाई येत," ती वेणी न सोडता म्हणाली.

ऐकू आलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं.

"नाई येत म्हनलं ना!"

भाऊजी घरात आले. अनुसयाबाई परातीत कणीक मळत होत्या. "नाई येत म्हन्ते," त्यांनी नोटीस वाचल्यासारखं सांगितलं.

"मंग नोका नेऊ."

"मालकाले काय सांगू?"

"काय सांगाचं? नाई आली म्हना."

मी चहाचं विचारलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग निघाले. मी खिडकीशी उभी होते. मोटारस्टँडच्या रस्त्यानं ते एकटे, पिशवी धरून जात होते, आणि ओठ हलत होते. नाई आली. नाई आली. कोपऱ्यावर मोटार उभी होती. ती सुटायच्या आत त्यांनी तेवढे दोन शब्द आणखी एकदा म्हणून पाहिले आणि आत चढले.