माई हलीमाच्या दारातलं मडकं

बाळूची बातमी तारेनं आली. जन्मभर तारेच्या खांबांची देखरेख केली त्यानं, आणि त्याच तारेनं माझ्या दारात येऊन हे सांगावं! कराचीत विषमज्वरानं गेला. शेजारच्या मास्तरांनी इंग्रजी मजकूर वाचला, चष्मा काढला, आणि मला कळलं... आता महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, 'तुम्ही तर त्याची आईच' म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण आणखी एक बाई आहे, आणि तिचं नाव निघालं की अजूनही माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

आमची आई सायखेड्याला वारली तेव्हा बाळू दुपट्यात होता. त्याला मीच वाढवला. माझं लग्न झालं, कपाळ पांढरं झालं, नाशकात मुलींच्या शाळेत नोकरी धरली. पोर माझ्या पदराला धरूनच होतं. गंगेचा मासा त्याला फार आवडे (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), पण काटा लागला की भोकाड पसरी. मिसरूड फुटेपर्यंत मी काटे काढून दिले. असला हा लाडोबा तारखात्यात लागला आणि थेट कराचीपलीकडच्या वाळवंटी किनाऱ्यावर जाऊन पडला. तिकडे तारेच्या फेरीवर एका कोळणीच्या झोपडीत उतरायचा; रजेवर आला की तोंडी तिचाच जप, "ताई, माई हलीमा असं म्हणते, माई हलीमा तसं करते." सख्ख्या बहिणीनं ऐकून तरी किती घ्यायचं? शेवटी एका नाताळच्या सुट्टीत मी म्हटलं, "ने मला तिकडे. बघू दे तरी कोण ही!"

आगबोटीत ओकून ओकून अर्धमेली झाले, पुढं उंटावर हाडं खिळखिळी झाली. आणि तिथं होतं काय? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळू, मधे चटयांच्या आठदहा झोपड्या. झाड औषधाला नाही. जिकडेतिकडे वाळत घातलेले मासे. पावसाळा सरला, समुद्र निवळला की हे कोळी इथं येऊन तळ मांडतात. बाळूला पाहून सगळा तळ धावत आला, आणि सगळ्यांपुढं ती, वाळल्या खारकेसारखी म्हातारी. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. हा तिच्यापुढं वाळूत गुडघे टेकून बसला. माझ्या पाया पडायला याला दिवाळी लागायची!

मी म्हटलं, आधी पाय धुवावेत. आपल्याकडे पाहुणा पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. झोपडीच्या दारात भरलेलं मडकं होतं, गळ्याला लाल दोरा बांधलेलं. ते उचललं आणि खळाखळा पायांवर ओतलं. सगळा तळ माझ्या पायांखालच्या ओल्या वाळूकडे बघू लागला.

"ताई," बाळू हळूच म्हणाला, "ते माझं मडकं होतं."

तिथली रीतच तशी. जो दूर गेला असेल त्याच्या नावाचं मडकं दारात भरून ठेवायचं. तो परत येईपर्यंत त्यातलं कुणी प्यायचं नाही, आणि ते कोरडंही पडू द्यायचं नाही. तो गेल्याची खबर आली तरच ते फोडायचं. बाळू कितीतरी महिने तिकडे फिरकला नव्हता. तळ मांडल्यापासून ती भरतच होती. गोड्या पाण्याची विहीर कोसभर वाळूत. म्हातारी मला एका शब्दानं बोलली नाही. "बहन है, धोने दो," म्हणाली, रिकामं मडकं डोक्यावर घेतलं आणि निघाली. खरं सांगते, शरम मागाहून वाटली. आधी पोटात दुखलं. माझ्या घरी बाळूच्या नावाचं काय होतं? खुंटीवरचा एक जुना कोट.

संध्याकाळी तिनं मासा भाजला, बोटांनी काटे काढले आणि घास बाळूच्या ताटात ठेवला. एवढा घोडा झालेला, मुकाट खात होता!

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं.

"मीच सांगितलं तिला, माझी ताई असे काढून देते म्हणून," तो हसत म्हणाला.

लोकांना वाटेल, मुसलमानिणीच्या हातचं खाल्लं म्हणून मी चिडले. छे हो! माझा सगळा जीव त्या काट्यांत अडकला होता. ते काम माझं होतं! म्हातारीनं मग माझ्याही ताटात तसाच घास ठेवला. आई गेल्यापासून माझ्या ताटात असा घास कुणी ठेवला नव्हता. मी तो खाल्ला... आणि तरी तिच्यावरचा राग काही गेला नाही.

परवा बाळूचा एक सोबती त्याची ट्रंक घेऊन आला. चहा घेताना म्हणाला, "ताई, तिकडे तळ पुन्हा मांडलाय. त्यांना अजून काही ठाऊक नाही. आमचा नवा माणूस फेरीवर निघालाय, त्याला सांगायला लावू का?"

अगदी ओठांवर आलं, लावा, आजच लावा! मीच का म्हणून एकटीनं रडायचं? फोडू दे तिलाही तिचं मडकं!

समोर खुंटीवर बाळूचा कोट होता. गेला महिनाभर मीही त्याच्या पाटाशी तांब्या भरून ठेवते. पण गंगेकाठी भरल्या तांब्याचं कौतुक कसलं? सकाळी ते पाणी तुळशीला घालते, झालं. ती मात्र कोसभर वाळू तुडवून त्याच्या वाटणीचं पाणी आणत असेल, दोऱ्याची गाठ सारखी करत असेल, उंट दिसला की कपाळावर हात धरून बघत असेल. माझ्या घरी बाळू मेला. तिच्या दारात तो अजून यायचा आहे. केवढा हेवा वाटला मला त्या म्हातारीचा!

"नको," मी म्हटलं. "भरू दे तिला."