इनाम म्हणावं की पगार

आज भावजी परत दौंडला कामावर गेले. देवपूजा झाली, तरी मन स्थिर नाही, म्हणून लिहिते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, चांगदेव. कबड्डीत चढाईला गेले की चार-चार गडी अंगावर घेऊन मधली रेघ गाठायचे. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे शिरूरकडच्या सडकेवर खडी फोडत होतो, तेव्हा रेल्वेने खेळासाठी त्यांना दौंडला खलाशी, म्हणजे इंजिनाच्या कामावरचा मदतनीस, म्हणून घेतलं. नाव खलाशाचं, काम संघात खेळण्याचं.

पहिला पगार त्यांनी आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पायाशी ठेवला. आबा जुने पैलवान. त्यांच्या काळी कुस्ती मारली की फेटा-नारळ, फार तर पाच रुपये. आणि आखाड्यात मिळेल त्यातलं निम्मं तालमीतल्या मारुतीचं, हा आमच्या गावचा रिवाज.

"निम्मं मारुतीला वाहून ये," आबा म्हणाले.

"आबा, ह्यो पगार हाय, इनाम न्हाई."

"इंजनाला हात लावलास का कवा? खेळून मिळालं ते इनामच. तुझी वहिनी बघ, हाताला फोड आल्यात. तिचा तो पगार."

मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. भावजींनी मुकाट निम्मं वाहिलं. पुढं तीन वर्षं दर महिन्याला वाहिलं.

यंदा सोलापूरच्या सामन्यात पकडीत त्यांचा गुडघा गेला. संघातून नाव निघालं. नोकरी राहिली, पण आता लोको शेडमध्ये, इंजिनं दुरुस्त करतात तिथं, लोखंड उचलायचं. काल पगार घेऊन लंगडत आले. आबांनी विचारलं, "गुडघ्याचं काय दिलं?"

"काय न्हाई. खेळत हुतो तवा जेवढा पगार, तेवढाच आताबी."

भावजी निम्म्या नोटा घेऊन तालमीकडे निघाले, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता ही घामाची कमाई हाय."

"आन् तवाची कशाची हुती, आबा? गुडघा काय मी उसना आणला हुता?"

आबांनी माझ्याकडे कोमट तेल मागितलं, भावजींना चटईवर बसवलं आणि तो गुडघा मांडीवर घेऊन चोळू लागले. भावजी "नको, नको" म्हणत होते. आबा ऐकेनात.