आवतण दिलेलं इंजिन

माझा मोठा भाऊ शालिकराम चांदूर रेल्वेजवळ गेंद्याची, म्हणजे झेंडूची, शेती करतो. वय छप्पन्न, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि डोक्यात एक खूळ आहे. शेतातल्या ज्या टिनाच्या शेडात आम्ही पूर्वी कांदे ठेवायचो, तिथं आता सहा जुन्या जपानी मोटारसायकली उभ्या आहेत. एक कावासाकी, दोन सुझुकी, तीन यामाहा. सगळ्या आमच्या तरुणपणच्या. दर रविवारी तो एकेकीला किक मारतो, आणि गेंद्याच्या उग्र वासात जळक्या ऑइलचा निळा धूर मिसळतो.

त्याच्यासारखे आणखी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. अमरावतीहून, अकोल्याहून माणसं येतात. कोणी बँकेतला, कोणी शिकवणी वर्ग चालवणारा. शेडात उकिडवे बसतात आणि डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकतात. कॉलेजात असताना ज्यांच्या घरी सायकलसुद्धा वाटणीत होती, त्यांना आता केस पांढरे झाल्यावर ती गाडी पाहिजे असते. रागिणी वहिनी म्हणते, "आमच्या घरी पाव्हणा आला तं त्याले खुर्ची नसते, पण गाड्याईले चादर असते."

सहापैकी पाच गाड्या दादानं कुणाकुणाकडून मिळवलेल्या. सहावी, ती लाल यामाहा, त्याची स्वतःची. एक्क्याण्णव साली फुलांच्या पहिल्या चांगल्या हंगामात त्यानं ती घेतली. पुढं टाकीवर फुलांचं पोतं, मागं मी, अशी माझी बारावीची परीक्षा त्या गाडीवर झाली. अमरावतीच्या बाजारात पोतं उतरवून तो मला शाळेच्या फाटकाशी सोडायचा आणि माझ्या वेणीत अडकलेल्या पाकळ्या काढायचा.

पुढं एका वर्षी भर दसऱ्याच्या तोंडावर विहिरीवरची मोटार जळाली. शेतात फुलं उभी. दादानं बडनेऱ्याच्या एका दुकानदाराला गाडी दिली आणि बदल्यात पंप आणला. फुलं वाचली. त्यावर तो कधी एक शब्द बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी मात्र बडनेऱ्याच्याच भंगारात त्याला गाडीचा सांगाडा सापडला. नंबर तोच, टाकीवरचा पोचाही तोच. इंजिन मात्र दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं. नोंदणीच्या पुस्तकात एक इंजिन नंबर आणि गाडीवर दुसरा, म्हणून अमरावतीच्या कार्यालयातून त्याला दोनदा परत पाठवलं. पण कागदाचं कारण तो लोकांना सांगायचा. मला त्यानं सरळ सांगितलं होतं, "बाई, गाडी आली पण तिचा जीव बाहीरच हाये."

मी दिली आहे तेल्हारा तालुक्यात. आमच्या शेताला लागून जानरावकाकांचं शेत. गेल्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्याकडे लोणी आणायला गेले. कौशल्याकाकू अंगणात त्यांचं डवरणीचं यंत्र धूत होत्या. डवरणी म्हणजे कपाशीच्या ओळींतलं तण काढणं. ते आमच्याकडे बैल करत. काकांचा उजवा बैल अकरा वर्षांपूर्वी साप चावून गेला. एकट्या डाव्याचा काय उपयोग, म्हणून तोही त्यांनी देऊन टाकला आणि मोटारसायकलच्या जुन्या इंजिनाला दोन चाकं, दांडे आणि डवऱ्याचे दाते जोडून हे यंत्र बनवलं. घरात सगळे त्याला 'उजवा' म्हणतात. पोळ्याला गावाच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत तेही उभं राहतं. पहिल्या वर्षी गाव हसलं होतं. आता कोणी हसत नाही.

मी सहज विचारलं, "काकू, इंजिन कुठलं हो हे?"

"बडनेऱ्याच्या भंगारातलं. लाल यामाहाचं होतं म्हनत."

लोण्याची वाटी घेऊन मी घरी आले ती थेट फोनजवळ.

"नंबर पाह्यला काय?" दादानं विचारलं.

"तेल-मातीचा थर आहे. कसा पाहू?"

"हात नोको लावू. उद्या मीच येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तो सुझुकीवरून आमच्या दारात. दीडशे किलोमीटर आला होता, पण पाणीसुद्धा प्यायला नाही. "चाल," एवढंच म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानानं शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आम्ही पोहोचलो तेव्हा काकू उजव्याच्या दांड्यांना आणि इंजिनाला हळद-लोणी चोपडत होत्या. पळसाचं पान टेकवून त्यांनी हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दादानं त्यांच्याकडे पाहिलंच नसावं. तो वाकला, गळ्यातला दुपट्टा काढला आणि इंजिनाच्या अंगावरची हळद, लोणी, खालची माती, सगळं खसाखसा पुसून काढलं. मग बोट फिरवत वाचू लागला, "शून्य, चार, सात, तीन, एक." नोंदणीच्या पुस्तकातला नंबर, आकड्याला आकडा जुळत होता.



"काय केलं बापा हे?" काकू म्हणाल्या. "आवतन पुसलं?"

"मावशी, नंबर पायत होतो."

"खांद्यावरची हयद पुसते काय कोनी? नंबर पायते म्हने! बैलाचा नंबर अस्ते काय?"

मला तर कुठं पाहावं कळेना. पाहुणा माझा. मी मनात महादेवाचं नाव घेतलं आणि पदर सावरत उभी राहिले. दादाचं तोंड उतरलं. जन्मभर शेती केलेला माणूस तो, काय केलं ते त्यालाही आता उमगलं होतं.

जानरावकाका ओट्यावर बसून सारं पाहत होते. शांत माणूस. ते म्हणाले, "पुसलं ना? मंग आता तुमीच द्या."

काकूंनी वाटी पुढं सरकवली. दादानं पुन्हा सगळीकडे हळद-लोणी लावलं, पान टेकवलं आणि हात जोडून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"हां," काका म्हणाले. "आता सांगा, कायले आलते?"

दादानं सगळं सांगितलं. फुलं, पंप, सांगाडा, पुस्तकातला नंबर. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग हसले. "पाव्हणे, आता कसा नेता? आवतन तं तुमीच देल्लं. जेवल्याबिगर तो हालत नायी."

दादा माझ्याकडे मुक्कामी राहिला. पोळ्याच्या दिवशी सकाळीच आंघोळ करून तो काकांकडे गेला. कोणी सांगितलं नव्हतं. दांड्यांना बेगड लावलं, इंजिनाला बाशिंग बांधलं आणि तोरणाकडे जाताना एक दांडा काकांनी धरला, दुसरा त्यानं. रांगेतून कोणीतरी टोमणा मारलाच, "काय पाव्हणे, शिंगं कोठी हायेत याचे?"

"मांगून पाय ना," दादा म्हणाला, "सायलेन्सर दिसन."

हर हर महादेव झालं, तोरण तुटलं, घरी येऊन काकूंनी उजव्यापुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं. मग माणसं जेवली. जेवण झाल्यावर दादानं विषय काढला. सांगाड्यावर जे दुसरं इंजिन होतं, ते तो द्यायला तयार होता. "याच्यासारखंच हाये, पण पाच वर्सानं तरणं."

"तरणं हाये, पण चालते काय?" काका म्हणाले. "आमी गोऱ्हा घेतो तं आधी जुपून पायतो. माही दोन एकराची शेवटची डवरणी राहिली. तुमचं इंजिन दोन एकर चाललं, तं उजवा तुमचा."

"चालवन कोन?"

"तुमीच. इंजिन तं मी पायीनच, तुमालेबी पायतो."

दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी कोणी शेतात काम करत नाही. दादा चांदूरला जाऊन इंजिन उतरवून घेऊन आला. तिथं वहिनी म्हणाली म्हणे, "लोकं पोयाले बैल सजवते, तुमी इंजिनाची सोयरीक जोडून राहिले." अमरावतीचे नत्थुजी मिस्त्री वर्षानुवर्षं दादाच्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांचा फोन माझ्यासमोरच आला. "शालिक, तुया गुडघ्याचाबी नंबर लिहून ठेव. बदलाचं काम पडन."

करीच्या दुसऱ्या दिवशी काकांनी उजव्याचं इंजिन उतरवलं, दादाचं चढवलं आणि ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसले. काळी माती ओली होती. चाकांना चिकटून गोळे व्हायचे. सहा ओळी बऱ्या गेल्या. सातवीत इंजिन तापलं आणि बंद पडलं.

"घाई करून राहिले तुमी," काका धुऱ्यावरून म्हणाले. "हे रोड नोय."

खरंच होतं. दादा तीस वर्षं गाडी जशी रस्त्यावर चालवत आला, तसंच तो शेतात यंत्र चालवत होता. रस्त्यावर वारा लागतो, इंजिन थंड राहतं. इथं माणसाच्या चालीनं चालायचं, वारा कुठून लागणार? काकांनी उजव्यासाठी पंखा आणि त्याचा वारा इंजिनावर वळवणारी पत्र्याची टोपी स्वतः घडवली होती. ते सारं आता काकांच्या घरी, उजव्याच्याच अंगावर. तापल्या इंजिनावर पाणी टाकायचं नसतं, हे दादाला ठाऊक. मग एकच उपाय. दोन ओळी झाल्या की बंद करून उभं राहायचं. इंजिन निवलं की पुन्हा दोन ओळी. वर ऊन. दादा सावलीलाही गेला नाही, यंत्राजवळच थांबायचा. दिवस मावळेपर्यंत अर्धा एकर झालं.

रात्री मी त्याच्या गुडघ्यांना तेल चोळलं. दोन्ही सुजले होते. मी म्हटलं, "दादा, सोड ना आता. पाच गाड्या आहेत तुझ्याकडे."

"त्या पाच लोकाईच्या आठवनी हायेत, बाई. हे माही हाये." मग म्हणाला, "आन् अर्ध्यातून सोडलं तं काका म्हनतीन, गोऱ्हा चांगला होता, मानूस आडवा बसला."

मी देवापुढं दिवा लावला तेव्हा इंजिनासाठी काही मागितलं नाही. इंजिनासाठी काय मागणार? त्याचे गुडघे टिकू दे, म्हटलं.

दुसरा दिवसही तसाच. दोन ओळी, थांबणं, दोन ओळी. दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर काका धुऱ्यावरून उठून त्याच्याजवळ उभे होते.

"टोपी-पंखा मांगतला काहून नायी?" ते विचारत होते. "कालपासून घरी तुमच्या डोयापुढंच पडून हाये."

"ते उजव्याचं हाये," दादा म्हणाला. "तुमी त्याच्यासाठी घडोलं. मी कसा मांगू?"

काका घराकडं गेले. बऱ्याच वेळानं पाना, पंखा आणि ती पत्र्याची टोपी घेऊन आले, स्वतः मांडी घालून बसले आणि दादाच्या इंजिनावर टोपी-पंखा बसवू लागले. दोन भोकं जुळत नव्हती. दादानं पत्रा धरला, काकांनी दगडावर ठोकून वाकवला. त्यानंतर यंत्र थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत दोन एकर संपले.

काका प्रत्येक ओळीतून चालत गेले. वाकून पाहत होते. परत आल्यावर म्हणाले, "झाडं किती कापली?"

"एकोनीस."

"एकवीस. दोन तुमाले दिसली नायी." मग म्हणाले, "पयल्या वर्सी मी चाळीस कापलीती."

दादा हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर काकांनी उजव्याचं इंजिन अंगणात घेतलं. जोडणीची एक लोखंडी पट्टी अजून त्याला चिकटून होती. ती काढायची राहिली होती. तीन बोल्ट निघाले, चौथा गंजून बसला. दादानं पान्याला हात घातला.

"थांबा," काका म्हणाले. "बसोला म्या, काढीन म्या."

दादा बाजूला झाला. काकूंनी चहा आणला, तो निवून गेला. काका बोल्टवर तेल सोडायचे, ठोकायचे, पाना लावायचे, पुन्हा तेल सोडायचे. कोणी घाई केली नाही. शेवटी बोल्ट करकरला आणि फिरला. काकांनी इंजिन दोन्ही हातांनी उचललं आणि दादाच्या सुझुकीच्या सीटवर नेऊन ठेवलं. दादा दोरी बांधत होता, आणि काका त्याला सांगत होते, हिवाळ्यात हे पहिल्या झटक्यात उठत नाही, तिसऱ्याला उठतं, दोन वर्षांपूर्वी रिंग बदलली आहे, ऑइल कमी पडू देऊ नका. दादा मान हलवत ऐकत होता. त्यातलं बरंचसं त्याला काकांच्या आधीपासून माहीत असणार. तरी त्यानं एकदाही "मले ठाऊक हाये" म्हटलं नाही.