बाईंनी टाइप न केलेलं प्रकरण

माझ्या पहिल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलेलं छापून आलं नाही, आणि ते येऊ नये याची तजवीज ज्या बाईंनी केली, त्यांच्याविषयी लिहायचं किती वर्षं मनात होतं. आज बसलोय.

कोर्टामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांची खोली होती. दाराशी पाटी होती: ‘टायपिंग करून मिळेल.’ खाली बारीक अक्षरात, ‘अक्षर लागेल असे असावे.’ सगळे त्यांना टायपिस्ट बाईच म्हणायचे. वय पंचावन्नच्या पुढे, अंगकाठी किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या आणि त्यांची नणंद अशा दोघीच राहत होत्या. बाहेरच्या खोलीत टाइपरायटर दिवसभर खडखडत असायचा आणि आतल्या खोलीत नणंदबाई भाजी निवडत किंवा पेपर वाचत बसलेल्या असायच्या. मी एकदा विचारलं, “या आवाजाचा त्यांना त्रास होत नाही का?”

“तिला कमी ऐकू येतं,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर आमचं इतकी वर्षं जमलंय.”

आतून लगेच आवाज आला, “ऐकलं हं मी.”

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, विमा कंपनीत कारकुनी करत होतो आणि जग संपण्यावर कादंबरी लिहीत होतो. एका मोठ्या शहरातलं पाणी संपतं. सरकार पळून जातं, माणसं आधी रांगा लावतात, मग तिसऱ्या दिवशी एकमेकांचे गळे धरतात. शेवटी एकच बाई उरते आणि तीही कोरड्या टाकीत मरते. पुस्तक जितकं काळं तितकं ते खोल, असं मला त्या वेळी मनापासून वाटायचं. हाताने लिहिलेल्या सात वह्या होत्या. दर शनिवारी एक वही द्यायची आणि आधीची टाइप झालेली पानं न्यायची, असं ठरलं होतं. सहा आठवडे बाईंनी मजकुराबद्दल चकार शब्द काढला नाही. फार तर ऱ्हस्वदीर्घाची शंका विचारायच्या, आणि बहुतेक वेळा चूक माझीच निघायची.

शेवटच्या प्रकरणाची, सातवी वही न्यायला गेलो तर ती होती तशीच टेबलावर.

“वेळ झाला नाही का?” मी विचारलं.

“वेळ होता. वाचली, आणि ठेवून दिली. हे काही मी करणार नाही.”

“का?”

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “तुम्हाला राग येईल. पण विचारताय म्हणून सांगते. तिसऱ्या दिवशी माणसं एकमेकांना मारत नाहीत. तिसऱ्या दिवशी माणसं कंटाळतात.”

त्या पुढे म्हणाल्या, “आणि दुसरं. दोनशे पानं झाली, तुमच्या शहरात एकजणही संडासला गेलेला नाही. तो धुतं कोण? पाण्यावरून भांडणं होतील ती नंतर. पहिलं भांडण त्यावरून होतं.”

मला राग आलाच. हा काही गमतीचा विषय नाही, माणसाच्या अंताची गोष्ट आहे, असं काहीतरी मी बोललो. तुम्ही फक्त टाइप करायचं, असंही बोललो. हे लिहिताना आजही कान तापतात. वही उचलली आणि निघालो. उंबऱ्याशी पोचलो तेव्हा आतून नणंदबाई म्हणाल्या, “अगं, त्याला तुझे ते कागद तरी दाखव.”

बाई बराच वेळ नको नको म्हणत राहिल्या. शेवटी त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक फाइल काढली. आत सात कागद होते. कार्बन कॉप्या, जांभळट शाई फिकी पडलेली. प्रत्येकावर तारीख, खाली नावांची यादी आणि प्रत्येकासमोर एक काम.

मी परत खुर्चीवर बसलो. पुढचं सगळं त्यांनी मला त्या दुपारी सांगितलं.

बाविसाव्या वर्षी त्या एका जलशुद्धीकरण केंद्रात टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. एका सकाळी, कामावर येऊन तास झाला नसेल, वरचा बंधारा फुटला. ज्याला जे सुचलं ते घेऊन तो वर पळाला. बाईंना सुचला टाइपरायटर. तो त्यांच्या नावावर होता, हरवला तर चौकशी लागेल ही भीती. पंधरा किलोचं ते धूड आणि कागदांचा एक गठ्ठा कवटाळून त्या रसायनांच्या इमारतीचा जिना चढल्या. “पोहता येत नव्हतं आणि पुरात मी चौकशीला घाबरत होते,” त्या म्हणाल्या. “माणूस असाच असतो.”

वरच्या मजल्यावर अकरा माणसं अडकली. खाली कमरेच्या वर गढूळ पाणी, वीज गेलेली, पूल वाहून गेलेला. पहिले दोन दिवस आता कुणी येईल, मग कुणी येईल, यातच गेले. खायला कॅन्टीनचं थोडं सामान होतं: बिस्किटं, बटाटे, भाजलेले चणे. चहाच्या स्टोव्हमध्ये दीड दिवसाचं रॉकेल होतं. एवढं पाणी भोवती, आणि पिण्याजोगा एक थेंब नाही. पण तुरटी आणि ब्लीचिंग पावडर त्याच मजल्यावर साठवलेली होती, आणि तिथे एक केमिस्ट होता.

हा केमिस्ट तिशीचा, अबोल माणूस. वर चढताना पत्र्याने त्याची पोटरी चिरली होती. पाय बांधून, भिंतीला टेकून तो सांगायचा आणि बाकीचे करायचे. बादलीने पाणी ओढायचं, पिंपात तुरटी ढवळायची, गाळ बसू द्यायचा, मग कापडातून आणि वाळूतून गाळायचं, शेवटी ब्लीचिंग. किती घालायची ते त्याने बाईंना शिकवलं. “नाकाला कळली पाहिजे, जिभेला कळता कामा नये,” असं म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कटकटी सुरू झाल्या. मघाच मी पाणी ओढलं, आता तू ओढ. बादली कुणी हलवायची. कोपऱ्यातली ती दुसरी बादली कुणी रिकामी करायची, यावरून तर दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. बाईंचा जीव घाबरला की बोटं चाळवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्रात कागद सरकवला, मध्ये कार्बन घातला आणि कामांची यादी करून टाकली. नावं वर्णानुक्रमे. एक प्रत भिंतीला, एक फाइलला.

केंद्राचे मोठे साहेब तिथेच होते. त्यांनी पहिल्याच दिवशी हाय खाल्ली होती. यादी बघून म्हणाले, “कुणासाठी टाइप करतेस? बघायला कोण येणार आहे?”

“आपण आहोत की, साहेब,” बाई म्हणाल्या. “चष्मा असेल तर वाचा.”

चौथ्या दिवशी साहेबांच्या नावापुढे आलं: संडासाची बादली. सगळे बघत होते. साहेबांनी विचारलं, “माझं नाव इथे?” बाईंनी सांगितलं, “आळीपाळी आहे, साहेब. अक्षर तुमचं आलं.” साहेब बराच वेळ यादीसमोर उभे राहिले. मग पॅन्ट दुमडून गेले. परत आले तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा कुणाशी तरी नीट बोलले. बादलीची कडी सैल झालीय, तार मिळाली तर बांधून देतो, एवढंच.

मी मध्येच विचारलं, “कुणी लबाडी नाही केली?” माझ्या पुस्तकात साठेबाज हाच मुख्य खलनायक होता.

“मी केली,” बाई म्हणाल्या. “बिस्किटांचा अर्धा पुडा दुसऱ्या दिवशी मीच लपवला होता, यंत्राच्या झाकणात. चौथ्या दिवशी सामानाची मोजदाद टाइप करायला बसले तर हात चालेना. मग काढून ठेवला आणि आकड्यात धरला. कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं असणार.”

पाचव्या दिवशी दुपारी स्टोअरमधला एकजण गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसला. त्याची बायको-मुलं नदीकाठच्या वस्तीत राहत होती आणि ती वस्ती गच्चीवरून दिसेनाशी झाली होती. दोन दिवस तो कुणाशी बोलला नव्हता. पाय बाहेर सोडून बसलेला. साहेबांनी हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. बाईंच्या हातात उद्याच्या कामांची यादी होती, तीच त्या वाचू लागल्या, सरकारी आवाजात, एकेक नाव आणि काम. त्याचं नाव आलं, “स्टोअर मदतनीस, तुरटी ढवळणे.”

“मदतनीस नाही,” तो पाठमोराच म्हणाला. “सहायक. मदतनीस दोन वर्षांपूर्वी होतो.”

“कागदावर मदतनीसच पडलंय.”

“मग कागद चुकलाय.”

“या आणि दाखवा कुठे ते. उगाच तिथून बोलू नका, मला ऐकू येत नाही.”

तो आला. भांडायलाच आला. बाईंनी त्याच्यासमोर नवा कागद घालून ‘सहायक’ असं टाइप केलं आणि त्याने ते तपासून पाहिलं. मग तो खाली बसला आणि रडला, आणि कुणीतरी त्याला पाणी दिलं. त्याचं कुटुंब एका शाळेच्या छपरावर सुखरूप होतं, हे चार दिवसांनी कळायचं होतं.

केमिस्टची जखम मात्र चिघळली. सहाव्या दिवशी तापातच तो गेला. अकरांपैकी दहाच परत आले. सातव्या दिवसाचा कागद बाईंनी मला हातात दिला. त्यात त्याचं नाव नव्हतं. त्याचं काम तिघांत वाटलेलं होतं आणि ‘ब्लीचिंग मोजणे’ यापुढे बाईंचं नाव. त्या कागदावर तीन ठिकाणी खाडाखोड होती. बाकी सहांवर एकही नव्हती.

नवव्या दिवशी होडी आली.

“पुढे?” मी विचारलं.

“पुढे काय. दोन महिन्यांनी कार्यालयाचं पत्र आलं, सदर काळात इतके कागद कोणत्या कामी वापरले याचा खुलासा करावा.” आणि त्या हसल्या. “मी सगळ्या प्रती जोडून दिल्या. उत्तर नाही आलं. फाइल बंद.”

आतून नणंदबाई म्हणाल्या, “चौकशी झालीच शेवटी.”

मी माझी सातवी वही घरी नेली आणि तीन महिने काहीच लिहू शकलो नाही. आधी रागाने, मग लाजेने. मग हळूहळू लक्षात आलं की माझ्या शहरात माणसं नव्हतीच. मी नुसती तहान लिहिली होती. वर्षभर बसून शेवटच्या तीन वह्या नव्याने लिहिल्या. दर शनिवारी जायचो. आता बाई वाचून बोलायच्या, आणि ‘अहो’वरून ‘अरे’वर आल्या होत्या. “अरे, ही बाई दिवसभर रडतेय. तिला काहीतरी काम दे.” किंवा, “हा म्हातारा एवढा चांगला कसा? त्याला जरा चिडका कर.” माझ्या पुस्तकात शेवटपर्यंत पाऊस पडत नाही. तो मी पाडला असता तर तेही पान बाईंनी परत केलं असतं. चाळीस माणसं एका विहिरीशी उरतात, त्यांतली काही मरतात, बाकीची उद्याचं ठरवतात. एवढंच आहे.

प्रकाशक म्हणाले शेवट मऊ पडला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण मला तो बदलवेना. पुस्तक फार खपलं नाही. पत्रं मात्र येत राहिली. एका परिचारिकेचं होतं, एका खाणकामगाराचं होतं. एका बाईंनी लिहिलं होतं की मुलगा गेल्यानंतरच्या महिन्यात त्यांनी रोज दहा पानं वाचली आणि रोज अंथरूण आवरलं. असं पत्र आलं की मी ते बाईंना नेऊन दाखवायचो. त्या आधी शुद्धलेखन बघायच्या, मग घडी घालून परत द्यायच्या आणि चहा टाकायला उठायच्या.

पुस्तक मी त्यांना अर्पण केलं होतं. मुद्रितं त्यांच्याकडेच तपासायला होती. परत आली तेव्हा अर्पणपत्रिकेवर त्यांचं नाव खोडलेलं आणि वर केमिस्टचं नाव लिहिलेलं. मी तसंच छापलं. हा कोण, असं आजही वाचक विचारतात.

त्यानंतर मी आठ पुस्तकं लिहिली. पोट विमा कंपनीने भरलं, पण लिहायला मला त्या खोलीने शिकवलं, आणि मी तिथे त्या शनिवारी जे बोललो त्यानंतरही शिकवलं. याची परतफेड होत नाही. एकदा मी बाईंना तसं म्हणालो, तर म्हणाल्या, “बरं. जाताना ते मशीनवरचं झाकण नीट घाल.”

बाई गेल्या वर्षी गेल्या, एक्याऐंशीव्या वर्षी, चार दिवसांच्या आजाराने. नणंदबाई शहाऐंशीच्या आहेत आणि एकट्या राहतात. दर गुरुवारी मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेतो. यंत्र नवं बसवलंय, आता त्यांना बरंच ऐकू येतं. सुरुवातीला खूष होत्या. परवा रिक्षात म्हणाल्या, “घर फार शांत आहे रे, हे आधी कळलंच नव्हतं.” मग माझा हात धरून खाली उतरल्या आणि डॉक्टरांना सांगायच्या तक्रारी वाटभर पाठ करत राहिल्या.