मालन आत्याचा आवाज

डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हायपोथायरॉइडिझम आहे. दुसरं काही नाही." सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या दवाखान्यात मे महिन्याच्या भर दुपारी मी स्वेटर घालून बसले होते. टीएसएच इतकं चढलं होतं की मशीननं नेमका आकडा दिलाच नव्हता, नुसतं 'शंभराच्या वर' छापलं होतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की मेंदूखालची दुसरी ग्रंथी तिला हाका मारते, त्या हाका म्हणजे टीएसएच, असं त्यांनी समजावलं. माझी ग्रंथी ओ देत नव्हती आणि हाका वाढतच चालल्या होत्या.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण हाका मारणारं कोण आहे हे माझ्या माहेरी, मंद्रूपला, आधीच ठरलं होतं.

मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मशीनचा आवाज ऐकू येत नाही, असं तिथल्या बायका म्हणायच्या. संक्रांतीनंतर तो पट्टा सैल पडला. जीभ जड झाली, शब्द सापडेनात. वजन वाढलं, केस मुठीनं गळायला लागले, पोट साफ होईना, पाळी आली की थांबता थांबेना. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. अडतिशी आली, शाम्पू बदलला, बसून काम आहे. ही सगळी लक्षणं एकत्र ठेवून बघायचं मला सुचलं नाही. तुम्ही तेवढं करा.

मग थंडी वाजायला लागली. एप्रिलमध्ये पत्र्याखाली बायका घामानं निथळायच्या आणि मी पंखा बंद करा म्हणायची. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या, डोळ्यांखाली सूज आली. एक दिवस आरशातला चेहरा ओळखीचा वाटला, पण तो माझा नव्हता. माहेरच्या भिंतीवरच्या फोटोतली मालन आत्या माझ्याकडे बघत होती.

मालन आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं. ती वैशाखात घोंगडं पांघरून बसायची आणि पुरुषासारख्या घोगऱ्या आवाजात हळूहळू बोलायची. हिला बाहेरचं लागलंय, असं सगळा गाव म्हणायचा. एका माघात ती झोपली ती उठलीच नाही. तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तिला भ्यायचे.

एका दुपारी आईला फोन लावला. "आई, जेवलीस का?" एवढंच विचारलं. मग आई अगदी हळू, समजूत घालावी तशी म्हणाली, "मालन, पोरीला सोड की गं. तुला काय कमी केलं आमी?"

मी फोन ठेवला. खरं सांगते, मला ते पटलं. माझ्या तोंडून निघालेला तो आवाज मलाही माझा वाटला नव्हता. त्यानंतर मी घरात बोलणंच कमी केलं. मी हाक मारली की माझी लेक दारातच थांबायची.

रक्त तपासायला लावलं ते शेजारच्या मशीनवरच्या शमीमभाभीनं. तिनं माझ्या दंडाची कोरडी कातडी चिमटीत धरून बघितली. "मेरेकू बी ऐसाच हुआ था," ती म्हणाली. "पैले खून तपास ले, बाकी का बाद में देखते." आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तीच मला लॅबमध्ये घेऊन गेली.

डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी दिली. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. पण त्याच आठवड्यात आई आत्याचा टाक घेऊन आली. घरातलं कुणी अतृप्त गेलं तर चांदीच्या पत्र्यावर त्याची प्रतिमा उठवून देवघरात पुजतात, तो टाक. गोळी घे, पण आधी मालनपुढं ठेव, असं आईनं बजावलं. मी मान डोलावली. उठून चहा, मग अंघोळ, पूजा, आणि नऊ वाजता टाकापुढची गोळी, रक्त कमी म्हणून चालू असलेल्या लोहाच्या गोळीसोबत.

सहा आठवड्यांनी टीएसएच जेमतेम हललं होतं. आई म्हणाली, ती सोडत न्हाय. भीतीनं मला घाम फुटला असता, पण तेव्हा मला घाम येतच नव्हता.

गोळी कशी घेता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लाजत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. चहा आणि लोहाची गोळी हिला अंगी लागू देत नाहीत, लोहाची गोळी चार तासांनी घ्या, म्हणाले. मग त्यांनी आत्याबद्दल विचारलं. तिच्या गळ्याला सूज होती का? होती. ती पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घ्यायची. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, त्या माझ्याकडे आल्या असत्या तर त्यांनाही मी हीच गोळी दिली असती."

दुसऱ्या दिवसापासून गोळी डोळे उघडल्याबरोबर घ्यायला लागले. टाकाची पूजा नऊलाच राहिली. पावसाळा सरेपर्यंत स्वेटर उतरला, जीभ सुटली. दिवाळीला मंद्रूपला गेले आणि दारातूनच वहिनीची फिरकी घेतली. माझा आवाज ऐकून आई चुलीपुढून उठून आली. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. "थंडी वाजती म्हनायची गं ती," आई म्हणाली. "आन् आमी तिच्या अंगावर गार पानी वतलं. लिंबाच्या फोकानं झोडलं."

गेल्या महिन्यात भावाच्या मुलीचा आवाज बसला, ती दिवसभर पेंगायला लागली. आईनं कुणाला काही विचारलं नाही. नातीला एसटीत बसवलं आणि थेट सोलापूरला आणलं. लॅबमधल्या बाईंनी फॉर्म भरताना विचारलं, घरात आधी कुणाला थायरॉइडचा त्रास होता का? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "व्हय, दोगींना. ही माजी लेक. आन् हिच्या आदी माजी नणंद. मालन नाव. लिव्हा."

बाईंनी लिहिलं. आईला वाचता येत नाही, तरी तिनं वाकून ते नाव बघितलं. आत्याला जाऊन तीस वर्षं झाली होती आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा आजारी ठरली.