पंधरा पूर्ण

अबू राशिद कुणालाही आधी नाव विचारत नसत, वय विचारत. बहारीनमधल्या रिफा शहरात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या ससाण्यांच्या खोलीचा एसी दुरुस्त करायला मी गेलो, तेव्हा मलाही त्यांनी वयच विचारलं. हिवाळ्यात ते गल्लीतल्या मुलामुलींना वाळवंटात नेऊन ससाण्याने शिकार करायला शिकवत. अट एकच : पंधरा पूर्ण.

माझी श्रेया त्या पक्ष्यांपायी वेडी झाली होती. डिसेंबरात तिला चौदा पूर्ण झाली, त्याच संध्याकाळी मी तिला घेऊन गेलो. म्हटलं, "अबू राशिद, लडकी को पंद्रहवाँ लग गया." आपल्याकडे वय असंच सांगतात, त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला विचारलं, "बेटी, कितना?"

"फोर्टीन," कार्टी म्हणाली.

म्हातारा खो खो हसला. "लडकी सच्ची, बाप दुकानदार! अगले साल, इंशाल्ला."

"एक साल का क्या है? थोडा ॲडजस्ट करो."

"मफी, सदीक. नहीं होगा, दोस्त." मग हसू ओसरलं. "बाज चिडिया पकडेगा, पर पूरा मारेगा नहीं. तडपता है. छुरी इसको चलाना पडेगा. बच्चा मेरे डर से चला देगा. मुझे वो नहीं चाहिए."

शून्यातून धंदा उभा केलेला माणूस मी. बहारीनमध्ये ज्याच्याशी घासाघीस केली, तो थोडा तरी खाली आला. हा एकटा हलला नाही. मी तणतणत उठलो आणि त्या घराची पायरी चढणं सोडलं.

पुढच्या ऑक्टोबरात अबू राशिद वारले. श्रेयाच्या हट्टामुळे आम्ही दोघं भेटायला गेलो. त्यांचा मुलगा राशिद गाडीपर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "कल से भेजो इसको. अब कौन पूछेगा?"

मी लगेच हो म्हणणार, तोच श्रेया म्हणाली, "नो बाबा. डिसेंबर."

डिसेंबरात पंधरा पूर्ण झाल्यावर ती राशिदकडे शिकायला गेली. अबू राशिदांच्या हाताखाली शिकायचं मात्र राहिलं ते राहिलंच. एका वर्षासाठी! तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ससाण्याने तिच्यासमोर पहिलं कबूतर पकडलं त्या दिवशी ती घरी आली ती थेट बेसिनपाशी. बराच वेळ हात धूत राहिली. आई जेवायला हाका मारत होती. मी दारात उभा होतो.

"राशिदने सुरी चालवायला लावली का?"

"नाही," ती मराठीत म्हणाली. "तो म्हणाला, मी करतो. मीच नको म्हटलं."

मी नळ बंद केला आणि तिच्या हातात टॉवेल दिला.