गंगाधरचा पाट

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही कुणी भूत म्हटलं की मी हसतो. पण या एका गोष्टीवर हसता येत नाही... रागच येतो.

नामांतराच्या आंदोलनाची शेवटची वर्षं. ताडकळसच्या रस्त्यावर एका जिनिंगमध्ये मी काट्यावर कापूस मोजायचो. ऑफिसात हैदराबादहून आणलेला सेकंडहँड कॉम्प्युटर होता. त्याच्या पत्र्याला हात लागला की करंट बसायचा. म्हणून ऑपरेटर गंगाधर पायाखाली लाकडी पाट घेऊन बसायचा.

"शेठ, अर्थिंग तरी करून घ्या. न्हाईतर नवा आणा," तो मालकांना म्हणायचा.

"नव्यावर आपला जुना प्रोग्रॅम चालत न्हाई म्हणतेत. चालायलाय तवर चालू दे."

गंगाधर मला म्हणायचा, "अण्णा, कापसाला दरसाल नवी ताडपत्री. मला मातर पाट."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. फरशी नुकतीच धुतलेली, सगळे अनवाणी. पाने-हातोड्या मांडायला शेठनी पाट मागितला. मी गंगाधरच्या खुर्चीखालचाच ओढून दिला. "बंद मशीनची पूजा नसते, चालू कर," शेठ म्हणाले. गंगाधरनं मशीन चालू केलं आणि हार घालायला दोन्ही हात पुढे केले...

मी मेन स्विच पाडेपर्यंत तो गेला होता.

त्या संध्याकाळी मी तो पाट कुऱ्हाडीनं फोडला, हमालांच्या चुलीत घातला आणि राख होईपर्यंत तिथंच बसलो.

तेराव्यानंतर शेठनी मलाच त्या खुर्चीवर बसवलं. मशीन तेच. अर्थिंग नाहीच. ऑफिसचं कुलूप मीच उघडलं होतं, किल्ली माझ्याकडेच असायची. बटणाकडे हात नेला — आणि तळपायाला लाकूड लागलं. वाकून बघितलं. तोच पाट. कोपऱ्यात वाकलेला खिळा, वर हळदी-कुंकू. कुठे चीरसुद्धा नाही.

मी शेठना हाताला धरून आणलं. त्यांनी पाटाला नमस्कार केला... आणि म्हणाले, "मग आता कशाचं भ्या? गंगाधर हाय की तुझ्या पायाखाली. नव्या मशीनचं नाव काढू नको."

मी प्लग काढला, पकडीनं वायर तोडली, किल्ली टेबलावर टाकली आणि पाट घेऊन निघालो.

तो माझ्या घरी आहे. त्यावर कुणी बसत नाही. चुलीतून तो परत कसा आला, मला आजतागायत कळलेलं नाही. अर्थिंग का नव्हतं, ते मात्र चांगलं माहीत आहे. आणि पाट कुणी ओढला, तेही.